एसव्हीटी-४० स्नायपर रायफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसव्हीटी-४० म्हणजे नेमकी कोणती रायफल?

'समोझार्यादनाया विन्तोव्का तोकारेवा' या रशियन नावाची ही आद्याक्षरं. मराठीत सांगायचं तर तोकारेवची स्वतःहून भरणारी रायफल. १३ एप्रिल १९४० रोजी तिला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. फ्योदोर वासिल्येविच तोकारेव (१८७१–१९६८) हा डॉन नदीकाठचा कोसॅक. सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसणारं टीटी पिस्तूलही त्याचंच. स्वतःहून भरणाऱ्या रायफलीच्या मागे तो पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून लागला होता. एसव्हीटी-४० तयार झाली तेव्हा त्यानं साठी कधीच ओलांडली होती. युद्धानंतर त्यानं पॅनोरामा काढणारा कॅमेराही बनवला. यंत्रात रमणारा माणूस होता, आणि ते या रायफलीच्या आत डोकावलं की दिसतं, चांगल्या अर्थानंही आणि वाईट अर्थानंही.

थोडक्यात मापं: लांबी १,२२६ मिमी, नळी ६२५ मिमी, संगिनीशिवाय वजन पावणेचार किलोच्या थोडं वर, मॅगझिन १० गोळ्यांचं, काडतूस ७.६२×५४ मिमी कडेचं. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८३० ते ८४० मीटर. सैनिक तिला लाडानं 'स्वेता' म्हणत.

सोव्हिएत सैन्यातली ही पहिलीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल का?

नाही. सर्गेई सिमोनोवची एव्हीएस-३६ आधी आली. तिच्यावर दुर्बीण बसवून थोड्या स्नायपर रायफलीही निघाल्या. पण तिची रचना गुंतागुंतीची होती आणि मळ तिला सोसत नसे. मग स्पर्धा झाली आणि २६ फेब्रुवारी १९३९ रोजी तोकारेवची एसव्हीटी-३८ निवडली गेली.

एसव्हीटी-३८ फिनलंडच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात उतरली आणि तिच्याबद्दल लगेच तक्रारी आल्या. फार लांब, फार जड, आणि मॅगझिन चालता चालता गळून पडतं. एसव्हीटी-४० ही या तक्रारींवरची दुरुस्ती. वजन उतरवलं, संगीन आखूड केली, मॅगझिनची खिट्टी दुमडून ठेवता येईल अशी केली, आणि दस्त्याच्या उजव्या अंगाला खोचलेला साफसफाईचा गज नळीखाली नेला. दोन्ही शेजारी ठेवल्या तर ओळखायची सगळ्यात सोपी खूण हा गजच.

गोळी झाडल्यावर आत नेमकं काय होतं?

गोळी नळीतल्या छोट्या भोकापुढून गेली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून वर चढतो. नळीच्या वर बसवलेला छोटा दट्ट्या तो मागे ढकलतो. दट्ट्याचा प्रवास आखूड असतो. तो पुढच्या दांड्याला टोला देतो आणि आपल्या स्प्रिंगच्या जोरावर परत जागेवर येतो. टोल्यामुळे बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याची, वरची गाडी मागे धावते. जाता जाता ती बोल्टचं मागचं टोक वर उचलते. बोल्ट तोवर मागच्या बाजूनं खाली झुकून रिसीव्हरमधल्या, म्हणजे तो ज्यात धावतो त्या चौकटीतल्या, पायरीला टेकलेला असतो, आणि हे टेकणं हेच त्याचं कुलूप. टोक उचललं की कुलूप सुटतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मागची स्प्रिंग सगळं परत पुढे ढकलते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, जातं.

झाडलेली पुंगळी हातात घेतली तर तिच्या मानेभोवती काजळीच्या बारीक उभ्या रेघा दिसतात. चेंबरच्या पुढच्या भागात उथळ खाचा कोरलेल्या असतात, त्यांच्या या खुणा. खाचांत गॅस शिरतो, पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटून बसत नाही आणि सहज निघते. रेघांच्या पुंगळ्या सापडल्या की त्या मोसिनमधून, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या जुन्या, हातानं बोल्ट ओढायच्या रायफलीतून, झाडलेल्या नाहीत एवढं पक्कं.

स्नायपर रायफल आणि साधी एसव्हीटी यांत फरक काय?

वाटतो त्यापेक्षा कमी. वेगळी नळी, वेगळा दस्ता, वेगळा चाप असं काही नव्हतं. कारखान्यात झाडून पाहिल्यावर ज्या रायफलींचा गोळ्यांचा गट दाट येई त्या बाजूला काढत, आणि त्यांवर दुर्बीण बसवत. रिसीव्हरच्या मागच्या भागात दोन्ही अंगांना दुर्बिणीच्या पायासाठी खोबण्या असतात. सुरुवातीच्या साध्या रायफलींवरही त्या होत्या, कारण कोणतीही रायफल पुढे स्नायपर ठरू शकेल असाच विचार होता. नंतर काम वाचवण्यासाठी साध्या रायफलींवरच्या खोबण्या बंद झाल्या.

खरी खूण वेगळीच आहे, आणि ती शेवटी येईल.

दुर्बीण कोणती होती?

पीयू. नावातल्या 'यू'चा अर्थ आखूड केलेली. आधीच्या मोसिन स्नायपरवर पीई आणि पीईएम या चौपट वाढीच्या लांब, जड दुर्बिणी असत. पीयू ३.५ पट वाढीची, १६९ मिमी लांब आणि फक्त २७० ग्रॅमची. दृष्टिक्षेत्र साडेचार अंश, म्हणजे १०० मीटरवर जवळपास ८ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो.

पुष्कळांचा गैरसमज असतो की पीयू ही मोसिनची दुर्बीण आणि ती एसव्हीटीवर उसनी आणली. उलटं आहे. ती एसव्हीटीसाठीच बनवली गेली आणि १९४२ मध्ये कोचेतोव या डिझायनरच्या पायावर मोसिनला लावली गेली. ज्या रायफलीसाठी जन्मली तिच्यापेक्षा दुर्बीणच जास्त वर्षं टिकली.

तिला दोन ड्रम असतात. वरचा अंतराचा, १ ते १३ आकड्यांचा, म्हणजे १०० ते १,३०० मीटर. बाजूचा वाऱ्यासाठी, शून्यापासून दोन्हीकडे १० हजारांशांपर्यंत. एक हजारांश म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी. डोळ्याच्या नंबराप्रमाणे फोकस बदलण्याची सोय नाही, त्यामुळे नंबर असलेल्यानं चष्मा घालूनच पाहायचं.

पाया एकसंध असतो. मागून खोबण्यांत सरकवायचा आणि खिट्टी लावायची. दुर्बिणीच्या खाली मोकळी जागा असल्यामुळे ती लावलेली असतानाही नेम धरायची मूळची माशी आणि खाच दिसतात. ५० मीटरवर कोणी अचानक समोर आला तर ही जागा उपयोगाची.

दुर्बिणीतून अंतर कसं काढत?

आत खालून वर येणारा टोकदार खांब आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या मध्ये एकमेकींना मिळत नाहीत. त्यांच्यातली फट ७ हजारांशांची, पट्टीची आणि खांबाची जाडी २ हजारांशांची.

हिशेब सरळ आहे: वस्तूची खरी रुंदी मीटरमध्ये घ्या, १,००० नं गुणा, ती जितके हजारांश व्यापते त्यानं भागा. माणसाचे खांदे अर्धा मीटर धरले आणि ते खांबाच्या जाडीएवढे दिसले, तर ५०० भागिले २, म्हणजे २५० मीटर. खांबाच्या निम्मे दिसले तर ५०० मीटर. साडेतीन मीटर रुंदीची वस्तू मधली फट बरोबर भरत असेल तरीही ५०० मीटरच.

चूक कुठे होते? बाजूनं वळलेला माणूस अर्धा मीटर रुंद नसतो. त्याला समोरचा समजून हिशेब केला की अंतर जास्त येतं आणि गोळी डोक्यावरून जाते.

झिरो करताना, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी जुळवताना, काय अडचण येई?

सोव्हिएत पद्धतीत १०० मीटरवर चार गोळ्यांचा गट झाडत, गटाचा मध्य काढत आणि त्यावरून दुरुस्ती करत. एका गोळीवरून ड्रम हलवायचा नाही, हा नियम.

ड्रमवरचे छोटे स्क्रू थोडे सैल करायचे, आकड्यांचं कडं जागेवर धरून ठेवायचं, मधला भाग फिरवून खांबाचं टोक गटाच्या मध्यावर आणायचं, मग स्क्रू परत आवळायचे. स्क्रू पूर्ण काढले की हरवतात. आवळताना कडं जरासं सरकलं तर सगळी मेहनत वाया, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा चार गोळ्या झाडून पाहायच्या.

पीयूची एक खोड इथेच त्रास देते. ड्रम फिरवला की चित्र जागेवर राहतं आणि खांब सरकतो. पाया रायफलीवर जरा तिरका बसला असेल तर झिरो झाल्यावर खांब वर्तुळाच्या मधोमध न दिसता एका कोपऱ्याकडे दिसतो. मोसिनवरच्या कोचेतोव पायाला हा तिरकेपणा काढता येत असे. एसव्हीटीच्या पायाला तशी काहीच सोय नाही. म्हणून एका रायफलीचा पाया दुसऱ्या रायफलीवर चढवणं म्हणजे हातानं संकट ओढवून घेणं.

गॅस रेग्युलेटरवरचे १.१, १.२, १.३, १.५, १.७ हे आकडे कसले?

भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. रेग्युलेटर नळीच्या पुढच्या टोकाजवळ, गॅसच्या घरात असतो. त्याचं डोकं पंचकोनी आणि त्याला पाच भोकं. रायफलीबरोबरच्या किल्लीनं तो फिरवायचा. भोक जितकं मोठं तितका जास्त गॅस दट्ट्यावर.

नियम एकच: रायफल व्यवस्थित चालेल अशा सगळ्यात लहान भोकावर ठेवायची. स्वच्छ, तेल दिलेली रायफल आणि सौम्य हवा असेल तर लहान भोकं पुरतात. थंडी, धूळ, घट्ट झालेलं तेल यांमुळे बोल्ट रेंगाळू लागला की एक पायरी वर जायचं. १.७ हा शेवटचा उपाय.

कमी गॅस असेल तर पुंगळी अर्धवट निघते किंवा बोल्ट इतका कमी मागे जातो की पुढचं काडतूस उचलतच नाही. जास्त गॅस असेल तर बोल्ट मागे जाऊन धाडकन आदळतो, पुंगळ्या फार लांब उडतात, कधी पुंगळीची कडच फाटते आणि उरलेलं धड चेंबरमध्ये अडकतं. रिसीव्हरवर ताण येतो तो वेगळाच. अनेक सैनिक 'चालतेय ना' म्हणून मोठ्याच भोकावर ठेवत. रायफल चालायची, पण मोडण्याच्या वाटेवर आणि नेम बिघडवत.

आणखी एक: बरेच दिवस न हलवलेला रेग्युलेटर काजळीनं जखडतो. मग किल्लीनं जोर लावला की पंचकोनाचे कोपरे गोल होतात. आधी तेल सोडा, थांबा, मग किल्ली लावा.

मोसिनइतकी अचूक का नव्हती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि 'सेमी-ऑटोमॅटिक म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. स्नायपर म्हणून तिच्याविरुद्धची मुख्य तक्रार अशी की दूरवर गोळ्या वर-खाली पसरतात. कारणं एक नाही, चार-पाच आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात.

वजन कमी करण्याच्या नादात नळी बारीक ठेवली. तिच्या तोंडाशी गॅसचं घर, माशीचा पाया आणि धक्का कमी करणारा ब्रेक हे सगळं एकाच जोडणीत लटकवलं. बारीक काठीच्या टोकाला वजन बांधून ती हलवून पाहा, तसाच प्रकार. ही जोडणी किंचित सैल झाली तरी गट मोठा होतो.

मग गॅस. बोल्टचं कुलूप गोळी बाहेर पडल्यावरच उघडतं, तेवढी काळजी तोकारेवनं घेतली होती. पण गॅस भोकातून वर चढतो तेव्हा गोळी अजून नळीतच असते. वरच्या घरावर दाब येतो, दट्ट्या हलू लागतो आणि नळीची थरथर बदलते. मोसिनमध्ये हे सगळं नाहीच.

कुलूप बोल्टच्या मागच्या टोकाला आहे. गोळी सुटताना बोल्टचं लांब अंग आणि रिसीव्हर दोन्ही किंचित ताणले जातात, आणि तो ताण दर वेळी सारखाच येईल याची खात्री नाही. त्यात पहिलं काडतूस हातानं बोल्ट सोडून भरलेलं असतं, पुढची रायफल स्वतः भरते. बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत त्यामुळे पहिली गोळी बाकीच्यांपासून बाजूला पडते. स्नायपरला तर बहुधा पहिलीच गोळी हवी असते!

उरला दस्ता. पावसात भिजला की लाकूड फुगतं, सुकलं की आकसतं, आणि आडवा स्क्रू सैल झाला की रिसीव्हर दस्त्यात हलतो. हे मोसिनमध्येही होतं, पण मोसिनच्या नेमक्या सुटसुटीत बांधणीत ते लवकर ध्यानात येतं आणि लवकर सुधारतं.

आणि अचूकतेशी संबंध नसलेली, पण स्नायपरच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट म्हणजे ब्रेक. सुरुवातीच्या ब्रेकला दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक फटी होत्या, नंतर दोन-दोन मोठ्या खिडक्या आल्या. धक्का खरोखर कमी होतो. बदल्यात तोंडाशी आगीचा मोठा झोत दिसतो आणि जमिनीला लागून पडलं असता धूळ किंवा बर्फाचा फवारा उडतो. शिवाय उडणारी पुंगळी उन्हात चमकते. लपून बसणाऱ्याला हे तीनही नकोत.

तरी एक बाजू सांगायलाच हवी. ३००-४०० मीटरवर एकापाठोपाठ दोन-तीन लक्ष्यं दिसली तर मोसिनवाला बोल्ट उचलून, ओढून, परत ढकलून डोळा पुन्हा लावेपर्यंत एसव्हीटीवाल्याची दुसरी गोळी गेलेली असते. त्याला डोकं दस्त्यावरून उचलावं लागत नाही. अशा कामात ती मोसिनपेक्षा सरस. ६०० मीटरवर एका गोळीत एक माणूस हे तिचं काम नव्हतं, आणि तिला दिलं गेलं तेच.

ती फार अडकायची म्हणतात, ते खरं का?

न जाणणाऱ्याच्या हातात, हो. तिचे १४३ भाग, त्यांतल्या २२ स्प्रिंगा, आणि बनवायला १२ प्रकारचं पोलाद. १९४१ च्या उन्हाळ्यात घाईनं भरती केलेल्या शेतमजुराच्या हाती ही रायफल देऊन दोन दिवसांत आघाडीवर पाठवलं, तर ती अडकणारच.

मुख्य कारण काडतूस. ते १८९१ सालच्या मोसिनसाठी बनलेलं, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट वरचं काडतूस ओढू शकत नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागे टेकवून बसवायचं, हाच उपाय. पाच-पाच काडतुसांच्या क्लिपनं वरून भरतानाही क्लिपमध्ये कडा नीट क्रमानं आहेत का ते पाहायचं.

दुसरं कारण मॅगझिनचे ओठ. जरा वाकले की काडतूस चुकीच्या कोनात चढतं. मॅगझिनं कारखान्यात त्या त्या रायफलीला जुळवलेली असत. खंदकात अदलाबदल झाली की जुळणी गेली.

तिसरं तेल. हिवाळ्यात दाट ग्रीस गोठतं आणि बोल्ट जणू चिखलात धावतो. कडक थंडीत भाग पुसून जवळजवळ कोरडे ठेवायचे किंवा हिवाळी तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. नव्या रायफलीवर कारखान्याचं साठवणीचं ग्रीस तसंच ठेवून लढायला गेलेल्यांनी या रायफलीची जेवढी बदनामी केली तेवढी जर्मनांनीही केली नसेल.

नौदलाच्या पायदळात आणि शिकवून तयार केलेल्या तुकड्यांत हीच रायफल आवडती होती. फरक रायफलीत नव्हता.

उघडायची आणि साफ करायची कशी?

आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यानं पाहा आणि बोटानं चाचपा. दुर्बीण असेल तर ती उतरवून बाजूला ठेवा.

रिसीव्हरचं झाकण पुढे सरकवा. मागे स्प्रिंगच्या दांड्याचं टोक दिसेल, ते पुढे दाबून वर उचला. इथे अंगठा घट्ट ठेवा, कारण स्प्रिंग जोरात दाबलेली असते आणि सुटली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. स्प्रिंग काढा, झाकण काढा, मग बोल्टची गाडी मागे ओढून वर उचला. बोल्ट तिच्यापासून वेगळा होतो.

पुढच्या बाजूला भोकाभोकांचं पत्र्याचं आवरण आणि त्यामागचं लाकडी आवरण काढलं की गॅसची यंत्रणा उघडी पडते: पेल्यासारखा दट्ट्या, मधला दांडा आणि स्प्रिंग असलेला मागचा दांडा. तिन्ही वेगवेगळे निघतात.

पुसून तेल लावलं की झालं, असं नाही. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनानं क्षार मागे राहतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, आणि हवेतला ओलावा खेचून पोलाद गंजवतो. म्हणून नळी, चेंबरच्या खाचा, दट्ट्या, रेग्युलेटर हे सगळं आधी गरम पाण्यानं किंवा अल्कली द्रावणानं धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. नळी साफ करून दट्ट्या विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. नळी चकचकीत आणि दट्ट्या गंजानं जाम अशा रायफली खूप सापडतात.

एकूण किती बनल्या आणि स्नायपर प्रकार का बंद झाला?

युद्धाआधीची योजना भव्य होती: १९४१ मध्ये एकट्या वर्षात १८ लाख एसव्हीटी. पायदळाची मुख्य रायफल तीच होणार होती आणि मोसिन स्नायपरचं उत्पादनही तिच्यासाठी थांबवलं होतं. जून १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला, पहिल्या काही महिन्यांत प्रचंड शस्त्रं हातची गेली, आणि शरद ऋतूत 'तुला' या शहरातला कारखाना उचलून उरल पर्वताकडे मेद्नोगोर्स्कला न्यावा लागला. त्या वर्षी साध्या एसव्हीटी दहा लाखांहून जास्त निघाल्या, हेही कमी नाही. पण जितक्या वेळात एक एसव्हीटी तयार होई तितक्यात मोसिन कितीतरी निघत, आणि गमावलेल्या रायफलींची जागा आजच भरायची होती.

स्नायपर एसव्हीटी १९४१ मध्ये ३४,७८२ आणि १९४२ मध्ये १४,२१० बनल्या. १९४२ मध्येच मोसिन स्नायपर परत सुरू झाली आणि शरद ऋतूत स्नायपर एसव्हीटी थांबली. साधी एसव्हीटी कमी कमी होत चालू राहिली आणि ३ जानेवारी १९४५ च्या आदेशानं तीही बंद झाली. सगळे प्रकार मिळून आकडा सोळा लाखांच्या आसपास जातो.

ल्युदमिला पावलिचेंकोच्या फोटोंत हीच रायफल आहे ना?

हो, तिच्या प्रसिद्ध फोटोंत पीयू लावलेली एसव्हीटी-४० दिसते. ओदेसा आणि सेवास्तोपोल इथे २५ व्या चापायेव रायफल डिव्हिजनमध्ये लढलेली ही स्नायपर, नावावर ३०९ बळी. पण फोटोतली रायफल पाहून सगळे ३०९ त्या रायफलीच्या नावावर मांडू नयेत. तिनं मोसिनही वापरली आहे, आणि प्रचाराच्या फोटोसाठी नवं, देखणं हत्यार पुढे केलं जाणं साहजिक होतं.

स्तालिनग्राडचा वासिली झाइत्सेव मोसिनवाला. त्याची रायफल व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आहे. आणि १९४३ मध्ये मॉस्कोजवळ महिला स्नायपरांची केंद्रीय शाळा उघडली तेव्हा स्नायपर एसव्हीटीचं उत्पादन थांबलेलं होतं, म्हणून तिथून निघालेल्या मुलींच्या खांद्यावर मोसिनच दिसते.

जर्मन आणि फिनिश सैनिकांना ती आवडायची म्हणे?

जर्मनांकडे १९४१ मध्ये चांगली सेमी-ऑटोमॅटिक रायफल नव्हती. हाती लागलेल्या एसव्हीटी-४० ला त्यांनी '२५९ (आर)' असा अधिकृत क्रमांक देऊन वापरात घेतलं. त्यांची स्वतःची गेवेर ४१ नळीच्या तोंडाशी गॅस पकडायची आणि सतत बंद पडायची. पुढच्या गेवेर ४३ मध्ये त्यांनी तोकारेवची नळीवरच्या दट्ट्याची कल्पना उचलली. शत्रूनं नक्कल करावी यापेक्षा मोठी पावती कोणती? फिन्सनीही हजारो एसव्हीटी जप्त करून वापरल्या. फिनिश सैन्याच्या ताब्यातल्या रायफलींवर चौकटीत 'एसए' असा शिक्का दिसतो.

एव्हीटी-४० म्हणजे काय?

तीच रायफल, पण सलग झाडणारी. मशीनगनच्या तुटवड्यावर उपाय म्हणून १९४२ मध्ये काढली. बारीक नळी आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन घेऊन सलग झाडणं फसणार हे उघड होतं. रायफल हाताबाहेर जाई आणि भाग झपाट्यानं झिजत. स्नायपरशी तिचा संबंध नाही.

अस्सल स्नायपर एसव्हीटी कशी ओळखायची?

खोबण्यांवर जाऊ नका. सुरुवातीच्या साध्या रायफलींवरही त्या आहेत, आणि नवे बनवलेले पाये व दुर्बिणी बाजारात ढीगभर आहेत. रिसीव्हरच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूला पाहा. पायाची खिट्टी अडकण्यासाठी तिथे एक अर्धगोल खाच कापलेली असते, ती फक्त कारखान्यातल्या स्नायपरवर. खाच नसेल तर वर कितीही सुंदर पीयू असली तरी ती सजवलेली साधी रायफल.

खाच असेल तर तिच्या कडा पाहा. कारखान्यातली खाच कापल्यानंतर रायफलीला काळा रंग चढलेला असतो, म्हणजे खाचेच्या आतही तोच रंग, तीच झीज. आत उजळ धातू किंवा कानशीच्या रेघा दिसल्या तर खाच नंतरची. युद्धानंतर कोठारांत दुरुस्त झालेल्या रायफलींवर दुर्बिणी काढून टाकलेल्या असतात. अशी रायफल बिनदुर्बिणीची असून खाचेमुळे अस्सल ठरते.

भारतात अशी रायफल परवान्यावर घेता येते का?

अशी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही.

मग भारताशी तिचा काहीच संबंध नाही?

एसव्हीटीचा थेट नाही. तिच्या काडतुसाचा आहे. सोव्हिएत सैन्यानं १९६३ मध्ये येवगेनी द्रागुनोवची एसव्हीडी घेतली. तिनं एसव्हीटीची चूक सुधारली: सगळ्यांना एकच रायफल देऊन त्यांतल्या बऱ्या निवडण्याऐवजी मुळापासून निशाणेबाजासाठी वेगळी रायफल काढली, आणि काडतूस तेच कडेचं ठेवलं. ही एसव्हीडी भारतीय सैन्यानं अनेक वर्षं वापरली. टी-७२ आणि टी-९० रणगाड्यांच्या तोफेशेजारची पीकेटी मशीनगनही तेच १८९१ सालचं काडतूस झाडते.